सुटे भाग आणि सुटलेली माणसे

२००१ साली छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा औद्योगिक वसाहतीत स्कोडाची ऑक्टाव्हिया तयार होऊ लागली. ‘तयार’ हा शब्द इथे जरा सैल हाताने वापरला आहे. गाडीचे बहुतांश भाग झेक प्रजासत्ताकातून कंटेनरमध्ये भरून येत. शेंद्र्यात ते उघडायचे, ठरल्या क्रमाने जोडायचे, तपासायचे आणि गाडी वितरकाकडे धाडायची. धंद्याच्या भाषेत हे ‘किट’. सगळे भाग सुटे असतील तर सीकेडी, अर्धवट जोडलेले असतील तर एसकेडी. तयार गाडी आयात केली तर सीमाशुल्क जबर बसते, किटवर त्या मानाने बरेच कमी. परदेशी मोटार कंपन्या भारतात जुळणीचे कारखाने काढतात, त्यामागचा मोठा हिशेब हाच. मग स्कोडाच्या म्लादा बोलेस्लाव्ह या मूळ गावातल्या कामगाराची नोकरी उठून मराठवाड्यात आली असे म्हणायचे का? आली ती शेवटची जुळणी. पत्र्याला आकार देणारे साचे, इंजिनाचे आरेखन, त्याची ओतकामे हे बहुतेक काम होते तिथेच राहिले.

कारखाने परदेशी हलवण्यावरून जगभर जो वाद चालतो, त्यात हा भेद सहसा हरवतो. नोकरी म्हणजे जणू एक पोते आहे, ते या गोदामातून उचलून त्या गोदामात टाकले जाते, अशा समजुतीवर दोन्ही बाजू भांडतात. एक म्हणते, आमचे काम पळवले. दुसरी म्हणते, आमच्या गरिबांना काम मिळाले. छत्रपती संभाजीनगर हे शहर या वादात दोन्ही बाजूंना उभे आहे. इथे झेक मोटार आली, कोरियाच्या ह्योसंगचा धागा आला, इंग्लंडच्या पर्किन्सचे इंजिन आले. इथल्या कंपन्यांनी युरोपात कारखाने विकत घेतले आणि इथलीच एक बलाढ्य कंपनी बुडालीही. या चाळीस वर्षांच्या अनुभवावरून मला एकच गोष्ट मांडायची आहे. कारखाना आला की गेला, यापेक्षा त्याच्याभोवती काय उगवले याला जास्त महत्त्व आहे. उत्पादनाची खरी मालमत्ता शेडमध्ये नसते. ती पुरवठादारांच्या जाळ्यात आणि कारागिराच्या हातात असते.

पुरावा शहराजवळच्या वाळूजमध्ये आहे. १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना तिथे सुरू झाला. तेव्हा पुण्याबाहेर, मागास मराठवाड्यात, एवढा मोठा वाहन कारखाना हे धाडसच होते. पण दुचाकी एका छपराखाली बनत नाही. ब्रेक, शॉक अॅब्सॉर्बर, क्लच, दिवे, आसने, प्लास्टिकचे भाग, अॅल्युमिनियमची ओतकामे पुरवायला वेंडर लागतात आणि ते जवळ असले तर बरे पडतात. एन्ड्युरन्स आणि व्हॅरॉक या आजच्या मोठ्या कंपन्या ऐंशीच्या दशकात अशाच पुरवठादार म्हणून इथे उभ्या राहिल्या. त्यांच्या मागे त्यांच्याकडून जॉबवर्क घेणारे शेकडो लघुउद्योजक आले. अॅल्युमिनियमच्या ओतकामाचा एक डाय घ्या. पोलादाचे दोन जड अर्धे भाग, त्यांच्या मधल्या पोकळीत वितळलेला धातू प्रचंड दाबाने शिरतो आणि काही सेकंदांत इंजिनाचे कवच होऊन बाहेर पडतो. पोकळीत केसाइतकी चूक राहिली तरी भाग गळका निघतो, सगळा माल रिजेक्ट होतो. तो डाय घासून, मोजून, पुन्हा घासून बसवणारा माणूस दोन-चार महिन्यांच्या कोर्समध्ये घडत नाही. चिकलठाण्याचे इंडो-जर्मन टूल रूम अशी माणसे घडवत आले आहे. हे कौशल्य शहरात रुजले, म्हणूनच एन्ड्युरन्स पुढे जर्मनी-इटलीतले ओतकामाचे कारखाने विकत घेऊ शकली. व्हॅरॉकने २०१२ मध्ये व्हिस्टिऑनचा वाहनांच्या दिव्यांचा जागतिक व्यवसाय घेतला आणि झेक प्रजासत्ताकातला कारखाना वाळूजच्या मालकीचा झाला. शेंद्र्यात झेक मोटार आणि झेकमध्ये वाळूजचे दिवे! व्हॅरॉकने तो युरोप-अमेरिकेतला व्यवसाय २०२२ मध्ये विकूनही टाकला, तरी कंपनी उभी आहे, कारण तिची मुळे इथे आहेत.

याउलट व्हिडिओकॉनचा कारखाना असलेल्या चितेगावची गोष्ट. व्हिडिओकॉनने एके काळी घरोघरी रंगीत टीव्ही पोचवला. २००५ मध्ये तिने फ्रान्सच्या थॉमसनचा पिक्चर ट्यूबचा व्यवसाय घेतला. पोलंड, इटली, मेक्सिको आणि चीनमधले कारखाने एका मराठवाडी कंपनीकडे आले. नोकऱ्या पूर्वेकडे वाहून चालल्याची ओरड युरोपात सुरू असताना मालकी मात्र आपल्याकडे आली होती. पण सपाट पडद्याचे टीव्ही आले आणि काही वर्षांतच ट्यूबचा बाजार उठला. तेल आणि दूरसंचारातल्या उड्यांनी कर्जाचा डोंगर वाढवला, आणि २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. या नोकऱ्या कोणी परदेशी नेल्या नाहीत. तंत्रज्ञान बदलले, कर्ज बोकांडी बसले आणि एकाच घराण्यावर विसंबलेले काम त्याच्यासोबत खाली आले. वाळूजच्या वेंडरला एक गिऱ्हाईक गेले तर दुसरे शोधता येते. चितेगावच्या कामगाराला ती सोय नव्हती.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. जाळे टिकले तरी माणसाचे काय? बजाजने २००७ मध्ये पुण्याजवळच्या आकुर्डीतले वाहन उत्पादन थांबवले. त्याच वर्षी उत्तराखंडात करसवलतींच्या आधारावर तिचा पंतनगरचा कारखाना सुरू झाला. काम देशातच राहिले, म्हणून आकुर्डीच्या कामगाराचे घर चालले असे नाही. हेच अमेरिकेतही दिसते: २००० ते २०१० या दशकात कारखान्यांतल्या नोकऱ्या सुमारे १ कोटी ७३ लाखांवरून १ कोटी १५ लाखांवर आल्या. अर्थतज्ज्ञ डेव्हिड ऑटर आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासानुसार १९९९ ते २०११ या काळात चिनी आयातीमुळे गेलेल्या नोकऱ्या, कारखान्यांबाहेरच्या धरूनही, २० ते २४ लाख. म्हणजे सारा दोष चीनचा नाही. पण त्याच अभ्यासांचा दुसरा निष्कर्ष अधिक बोचरा आहे: ज्या गावांना हा फटका बसला, ती दशक उलटले तरी सावरली नाहीत. माणसे दुसरीकडे काम शोधतील हे पाठ्यपुस्तकातले गृहीतक खोटे ठरले. पंचेचाळिशीतला, कर्ज काढून घर बांधलेला कामगार भांडवलासारखा रातोरात हलत नाही.

मग दुसरा आक्षेप येतो: दारेच बंद करा, आयातीवर कर लावा. अमेरिकेने ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावरचे शुल्क ५० टक्क्यांपर्यंत नेले ते याच तर्काने आणि रशियन तेलाच्या रागापोटी. कराने कारखाना येतो हे खरे, शेंद्रा त्याचेच उदाहरण. पण कर जुळणीला खेचतो, कौशल्याला नाही. जुळणी कुठे संपते आणि उत्पादन कुठे सुरू होते, हा वाद तर न्यायालयात गेला. किट सुट्या भागांच्या नावाने आणल्याचा ठपका ठेवून सीमाशुल्क विभागाने २०२४ मध्ये स्कोडा-फोक्सवॅगनच्या भारतीय कंपनीला १.४ अब्ज डॉलर्सच्या मागणीची नोटीस बजावली. कंपनीने तिला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. शिवाय भिंत कितीही उंच असली तरी एखादा चिमूटभर भाग तिला भगदाड पाडतो. चीनने एप्रिल २०२५ मध्ये दुर्मिळ मृदा चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध घातले, आणि आपल्याकडच्या ई-स्कूटर उत्पादकांना उत्पादन कमी करावे लागले. गाडी आपली, मोटर आपली, आतले चुंबक मात्र त्यांचे.

तिसरा आक्षेप स्थानिक राजकारणातला: आधी उद्योग येऊ द्या, चिकित्सा नंतर. वेदान्त-फॉक्सकॉनचा सेमीकंडक्टर प्रकल्प २०२२ मध्ये गुजरातला गेला तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला; पुढच्याच वर्षी फॉक्सकॉन त्यातून बाहेर पडली आणि ज्यावरून भांडलो ते तिकडेही उभे राहिले नाही. आज शेंद्रा-बिडकीन पट्ट्यात ‘ऑरिक’ ही सुमारे १० हजार एकरांची औद्योगिक नगरी आहे. बिडकीनसाठी टोयोटा किर्लोस्करने जुलै २०२४ मध्ये सुमारे २० हजार कोटींचा सामंजस्य करार केला, एथरची ई-स्कूटरही तिथे येऊ घातली आहे. हे स्वागतार्हच आहे. पण विजेच्या स्कूटरला पेट्रोल इंजिन नाही, सायलेन्सर नाही, नेहमीचा क्लच आणि गिअरबॉक्सही नाही. वाळूजची कित्येक शेडे नेमके हेच भाग बनवून जगतात. म्हणजे नोकरी परदेशी न जाता, दहा-वीस मैलांवर नवा कारखाना उभा राहत असतानाही जुने काम संपू शकते. म्हणून करारातल्या कोटींचे आकडे टाळ्यांसाठी ठेवावेत. किती भाग इथे बनणार, किती स्थानिक वेंडर जोडले जाणार, डाय आणि आरेखन कोण करणार, हे जमीन आणि सवलती देतानाच लिहून घेतले पाहिजे. सीएमआयए, मासिआ या इथल्या उद्योजक संघटनांनी याचा हट्ट धरावा. त्यांच्याच सभासदांच्या पोटाचा प्रश्न आहे.

आणि माणसांची तजवीज वेगळी हवी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने कारखाना बंद करण्यापूर्वी सरकारी परवानगी घेण्याची मर्यादा १०० कामगारांवरून ३०० वर नेली. मालकाला हलणे सोपे झाले. बदल्यात कपात झालेल्या प्रत्येक कामगारासाठी मालकाने १५ दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम पुनर्कौशल्य निधीत भरायची आहे. क्लच जुळवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला मोटर आणि बॅटरीचे काम पंधरा दिवसांच्या पगारात कसे शिकवणार? जगण्याचा हिशेब एकाच बाजूला झुकला की कामगार परदेशी मालावर, परप्रांतीयावर, शेजाऱ्यावर राग काढतो. अमेरिकेत तेच झाले. हलण्याची मुभा द्यायची तर हलण्याची किंमतही मालक, सरकार आणि समाज यांनी मिळून उचलायला हवी.

२००७ मध्ये थांबलेल्या आकुर्डीत जून २०२२ मध्ये पुन्हा कारखाना सुरू झाला; तिथे आता बजाजची विजेवर चालणारी चेतक स्कूटर बनते. जागा, ब्रँड आणि कंपनी पंधरा वर्षे थांबू शकली. २००७ साली पंचेचाळिशीत बाहेर पडलेला कामगार तोवर साठीचा झाला होता.