मुक्या माणसांचा कादंबरीकार

माझ्या घरात दखनी बोलतात, कविता मी मराठीत लिहितो. ‘मग तुमची भाषा कोणती?’ असं लोक विचारतात, तेव्हा मला वॉल्टर मॅकन आठवतो.

आयर्लंडमधल्या गॉलवे शहरात १९१५ साली तो जन्मला. वर्षभरातच वडील पहिल्या महायुद्धात मारले गेले. सतराव्या वर्षी तो गावातल्या आयरिश भाषेच्या नाट्यगृहात नट झाला. पुढं त्याचा कारभारही त्यानं सांभाळला, आयरिशमध्ये नाटकं लिहिली. कादंबऱ्या मात्र इंग्रजीत. ‘आय अ‍ॅम अलोन’ (१९४९) या कादंबरीवर मायदेशातच बंदी आली. १९५१ साली त्यानं न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर नट म्हणून काम केलं.

१९५९ ते १९६४ या काळात त्यानं तीन ऐतिहासिक कादंबऱ्या लिहिल्या. क्रॉमवेलची स्वारी, बटाट्याचं पीक कुजून पडलेला दुष्काळ आणि स्वातंत्र्ययुद्ध हे त्यांचे विषय. त्यांत राजे-सेनापती नायक नाहीत. घरदार गमावलेली साधी माणसं आहेत. दुष्काळावरच्या कादंबरीचं नावच ‘द सायलेंट पीपल’, म्हणजे मुकी माणसं. १९६७ साली, एक्कावन्नाव्या वर्षी तो गेला.

भाषा दोन, माणसं तीच. आता कुणी माझी भाषा विचारली, की मी मॅकनची गोष्ट सांगतो.