दुसरें पॉलिश-यंत्र कोणतें घ्यावें?

मोटारगाडी नुसती धुऊन न थांबतां तिच्या रंगाचें तेज पुन्हा आणून देण्याचा व्यवसाय आपल्या शहरांतून आतां चांगलाच रुजला आहे. शाळा सोडल्यावर कांहीं तरुण या धंद्यांत पडतात. एक यंत्र घेतात, चार पैसे गांठीं बांधतात, आणि मग दुसरें यंत्र कोणतें घ्यावें, या विवंचनेंत पडतात. हा प्रश्न वरवर केवळ खरेदीचा दिसतो. परंतु त्यांत गणित आहे, पदार्थविज्ञान आहे, आणि सचोटीहि आहे. म्हणून त्याचा थोडा विचार येथें करूं.

प्रथम, ज्यावर यंत्र चालवावयाचें तो पृष्ठभाग पाहूं. मोटारीच्या रंगावर क्लिअर कोट नांवाचा पारदर्शक थर असतो. त्याची जाडी सामान्यतः ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे फार तर मिलिमीटरचा विसावा हिस्सा. पॉलिश केल्यानें ओरखडा भरून येतो अशी पुष्कळांची समजूत आहे. ती बरोबर नाहीं. भोंवतालचा थर झिजवून ओरखड्याच्या तळाशीं आणला जातो, इतकेंच. उन्हापासून रंगाचें रक्षण करणारा हा थर एकदां गेला कीं पुन्हा रंगकाम केल्यावांचून परत येत नाहीं.

आतां यंत्रांचे प्रकार. रोटरी यंत्राचें पॅड एकाच आंसाभोंवतीं फिरतें. पॅडचा व्यास १५० मिलिमीटर आणि फेरे मिनिटाला १५०० धरले, तर त्याची कड ताशीं सुमारें ४२ किलोमीटर वेगानें धांवते. मध्यबिंदु मात्र स्थिर! ओरखडे झपाट्यानें निघतात, पण उष्णताहि एके ठिकाणीं सांचते, आणि कच्च्या हातानें उन्हांत दिसणारे वर्तुळाकार डाग उमटतात. ड्युअल ॲक्शन यंत्राचें पॅड स्वतःभोंवतीं फिरतां फिरतां एका लहान वर्तुळांतहि हिंडतें. त्यामुळें झीज सारखी वांटली जाते. मात्र फार दाबल्यास किंवा वळणावर पॅडचें फिरणें थांबतें. तिसऱ्या प्रकारांत पॅड दांतेरी चक्रांनीं फिरविलेलें असल्यामुळें तें सहसा थांबत नाहीं.

लहान वर्तुळाचा व्यास कोठें ८, कोठें १५, तर कोठें २१ मिलिमीटर असतो. विद्यार्थ्यांनीं परीघ काढून पाहावा: १५ चा सुमारें ४७, आणि २१ चा ६६ मिलिमीटर. टप व बोनेट अशा सपाट भागांवर मोठें वर्तुळ काम लवकर उरकतें. वळणांवर लहान वर्तुळ बरें.

आमच्या मतें नियम एकच: पहिल्या यंत्रास जें साधत नाहीं, तें दुसऱ्यानें साधावें. पहिलें रोटरी असेल, तर शेवटचा हात सफाईनें फिरविण्यासाठीं ड्युअल ॲक्शन घ्यावें. पहिलें मोठें ड्युअल ॲक्शन असेल, तर त्याच मापाचें आणखी एक घेण्यापेक्षां ७५ मिलिमीटर पॅडचें लहान यंत्र बहुधा अधिक उपयोगी पडतें. दारांच्या मुठींभोंवतीं, खांबांवर, बंपरच्या घड्यांत मोठें पॅड पोंचतच नाहीं. मात्र व्यास निम्मा झाला कीं क्षेत्रफळ चौथाई होतें. हाताचा जोर तोच ठेवल्यास दाब चौपट होतो. बंपर प्लॅस्टिकचा असल्यानें तेथें उष्णता पत्र्यावरच्याप्रमाणें पसरत नाहीं. म्हणून हात हलका ठेवावा, आणि सराव भंगारांतील पत्र्यावर करावा.

रंगाची जाडी मोजणारें उपकरण जवळ नसेल, तर दुसऱ्या यंत्राआधीं तें घ्यावें. तें सर्व थरांची एकूण जाडी दाखवितें, एकट्या क्लिअर कोटची नव्हे. तरीहि कोठें हात आंवरावा हें त्यावरून कळतें. गाडी परत देतांना जास्त झिजविलेला थर आणि योग्य राखलेला थर सारखेच चकाकतात. फरक कांहीं उन्हाळ्यांनंतर उघड होतो. गिऱ्हाइकास जें दिसत नाहीं, तेथेंच कारागिराची परीक्षा असते. कित्येकदां खोल ओरखडा तसाच राहूं द्यावा, असें सांगणें हाच प्रामाणिक सल्ला होय.

पालकांस एक विनंति. मुलगा किंवा मुलगी दुसऱ्या यंत्रासाठीं पैसे मागूं लागल्यास नाहीं म्हणूं नये, आणि लगेच देऊंहि नये. पहिलें यंत्र कोणत्या कामीं, किती वेळां अपुरें पडलें, हें महिनाभर वहींत टिपावयास सांगावें. दोष पुष्कळदां यंत्राचा नसून मळलेल्या पॅडचा निघतो, आणि नवीं पॅडें थोड्या पैशांत मिळतात. महिन्याअखेर ती वही आपणांस वाचून दाखवावयास सांगावी. कोणतें यंत्र घ्यावें, हें बहुधा तींतच लिहिलेलें आढळेल.