पोट्टी साहेब झाली म्हणे!

२०२५ च्या महालक्ष्म्यांची गोष्ट. १ सप्टेंबरला, सोमवारी जेवण होतं. आंबील, सोळा भाज्या, कढी, पुरण... पहाटे चारपासून स्वयंपाकघरात मी आणि जाऊबाई. आणि आमची लेक? महालक्ष्म्यांच्या मखराशेजारी लॅपटॉप उघडून, कानात ते बोंडूक घालून, भिंतीकडे बघत इंग्रजीत बोलत होती. आमच्या शेजारच्या आजींना राहवलं नाही. "माय वं, देवीसमोरबी त्या डब्यातच डोकं घालून बसली पोट्टी! साहेब झाली म्हणते ना तू? मंग सुटी नाही घेता येत साहेबाले?"

खरं सांगते मैत्रिणींनो, मलाही तोच राग आला होता.

शेगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून ती शिकली, तिथल्याच कॅम्पस इंटरव्ह्यूतून हिंजवडीला लागली, तेव्हा जुन्या शहरात मी घरोघर पेढे वाटले. राजराजेश्वराला अभिषेक केला. ती नेमकं काय करते हे मात्र मला आजही कुणाला धड सांगता येत नाही. 'कम्प्युटरमध्ये आहे' एवढंच सांगते. तुमच्यापैकी कितीजणींचं असंच असेल! पोरगी रात्रीच्या ट्रॅव्हल्सने येते, दोन दिवस झोपते, चकल्या घेऊन परत जाते. पगाराचा आकडा आपल्याला ठाऊक असतो, कामाचा नसतो.

त्या रात्री भांडी आवरून आम्ही दोघी गच्चीवर बसलो, तेव्हा तिनं सांगितलं. तिच्या हाताखाली नऊ जण. कंपनीचं वर्ष जूनला संपतं, मग प्रत्येकाला रेटिंग द्यायचं. त्यावर पगारवाढ. इथवर ठीक. पण नऊ जणांपैकी एकाला तळाला बसवायचंच, असा वरून निरोप. सगळ्यांनी चांगलं काम केलं असलं तरी! म्हणजे वर्गात सगळ्या पोरांना ऐंशीच्या वर मार्क मिळाले, तरी एकाला नापास करा म्हणण्यासारखं. याला ते 'बेल कर्व्ह' म्हणतात. कागदावर आलेख काढला की देवळातल्या घंटेसारखा दिसतो. मधे फुगलेला, दोन्ही टोकांना निमुळता. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या जॅक वेल्च साहेबांनी हे गाजवलं. १९८१ ते २००१ ते तिथं प्रमुख होते आणि दरवर्षी तळातले दहा टक्के लोक काढावेत, असं त्यांचं म्हणणं. मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये ही पद्धत सोडून दिली. आमच्या लेकीच्या कंपनीत काही ती सुटलेली नाही.

मग मॅनेजर मंडळींची बैठक बसते. तुझा एक वर घेतो, माझी एक मधे राहू दे, अशी घासाघीस. बाजारात वांग्यांची चालते तशी. महालक्ष्म्यांसमोर चाललेला तो कॉल याच बैठकीचा होता.

आणि तळाला कुणाचं नाव निघालं होतं? सहा महिने बाळंतपणाच्या रजेवर गेलेल्या मुलीचं. "तिचं काम कमी भरतं, तिला बसव. कुणाला तरी बसवावंच लागणार," असं वरचे साहेब म्हणाले. तळाचं रेटिंग म्हणजे वाढ नाही, आणि कंपनी माणसं कमी करायला लागली की यादीत पहिलं नाव तेच. त्याच जुलैत टीसीएसने बारा हजारांवर लोक कमी करणार असं जाहीर केलं होतं, त्यामुळे सगळ्यांच्याच पोटात गोळा.

मी म्हटलं, "अगं, कायदा आहे ना!" आम्ही महिला मंडळात कायद्याची शिबिरं घेतो, त्यामुळे एवढं मला पाठ. १९६१ चा प्रसूती लाभ कायदा. २०१७ मध्ये पहिल्या दोन बाळंतपणांसाठी बारा आठवड्यांची रजा सव्वीस आठवडे झाली. पन्नास किंवा जास्त माणसं असतील तिथं पाळणाघर. रजेत असताना कामावरून काढता येत नाही, तिचं नुकसान होईल असा नोकरीच्या अटींत बदलही करता येत नाही. (नोव्हेंबर २०२५ पासून हे सगळं सामाजिक सुरक्षा संहितेत गेलं. रजा तेवढीच आहे.)

"आई, तिला काढत नाहीयेत गं. रजेचा पगारही दिला. फक्त रेटिंग देतायत."

मी गप्प. मग जरा आवाज चढवूनच म्हटलं, "तू नाही म्हण. बाळंतिणीच्या पोटावर पाय देऊ नकोस."

ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "तुझ्या बचत गटातली ती बाई आठवते? रजिस्टर मीच लिहीत होते."

आठवत कशी नाही! लेक तेव्हा दहावीत. गटात आम्ही बाराजणी, महिन्याला शंभर रुपये, अध्यक्ष मी. सलग तीन बैठका चुकल्या की नाव कमी, हा नियम मीच केलेला. नियम नसला तर गट बुडतो, हे मी अजूनही म्हणते. दोन गट बुडताना मी डोळ्यांनी पाहिलेत. त्यातली एकजण बाळंतपणाला माहेरी गेली, चार महिने आली नाही. मी नियम वाचला आणि नाव खोडायला लावलं. पुढच्या महिन्यात ती बाळ कडेवर घेऊन, पदराच्या गाठीत चारशे रुपये बांधून आली. बँकेतून कर्ज मिळणार होतं त्या महिन्यात. शिलाई मशीन घ्यायचं होतं तिला. तिचे जमा पैसे व्याजासकट परत केले, पण मशीन काही झालं नाही. मला कुणी वरून निरोपही धाडला नव्हता. मीच साहेब होते.

लेक पुण्याला गेली. तिनं साहेबांना लेखी कळवलं, की जेवढे महिने काम केलं तेवढ्याच महिन्यांचं मोजा, आणि त्या महिन्यांत या मुलीचं काम टीममध्ये दुसऱ्या नंबरचं आहे. दोन आठवडे उत्तर नाही. माझा जीव टांगणीला. आता हिलाच काही झालं तर? तिच्या घराचा हप्ता आहे, आमच्या जुन्या घराच्या छताचं कामही तिच्याच पैशांतून चाललंय. फोनवर एकदा मी म्हणूनही गेले, "जाऊ दे ना, फार ताणू नको." लाज वाटते सांगायला, पण म्हणाले.

मग एका शुक्रवारी रात्री तिचा फोन आला. बाळंतीण मुलगी मधे राहिली. मी देवापुढे साखर ठेवायला उठले, तर म्हणाली, "थांब आई. जागा एकच होती. ती रिकामी राहत नाही." तळाला एक मुलगा गेला. वाशीमकडचा, रात्रपाळी करणारा. वर्षभरात त्याच्या वडिलांचं आजारपण झालं, सुट्या पडल्या. नाव हिनंच दिलं.

सोमवारी त्याला समोर बसवून सांगायचं होतं. बराच वेळ ती बोललीच नाही. मग विचारलं, "आई, तू त्या बाईला कसं सांगितलं होतंस गं?"

मी सांगितलंच नव्हतं. रजिस्टर तिच्याकडे सरकवलं होतं.