खवले मांजर कसे पाहावे

आफ्रिकेत लोक मोटारीत बसून जंगली प्राणी बघायला जातात. त्याला सफारी म्हणतात. हत्ती, जिराफ, सिंह बहुतेकांना दिसतात, पण खवले मांजर दिसणे फार कठीण. याच्या जगात ८ जाती मानतात, ४ आफ्रिकेत आणि ४ आशियात. त्यातली एक आमच्या मालवण तालुक्यातही आहे, आणि मी ती पाहिली! मोटारीतून नव्हे, आजोबांबरोबर काजूच्या बागेत बसून.

नाव मांजर, पण मांजराशी याचे काही नाते नाही. याला दात नसतात. लांब, चिकट जिभेने ते मुंग्या आणि वाळवी खाते. अंगावरचे खवले म्हणजे आपल्या नखांचाच पदार्थ. भ्याले की अंगाचा चेंडू करते.

दिवसा ते बिळात झोपते, म्हणून दिवसा फक्त खुणा शोधायच्या. आजोबांनी मला फोडलेले वारूळ दाखवले. त्यावर नखांचे खोल ओरखडे होते. कुत्रा उकरतो तशी माती सगळीकडे उडालेली नव्हती. पुढे करवंदीच्या जाळीखाली बीळ होते, तोंडाशी ताजी माती. आत गेल्यावर ते पुष्कळदा तोंड मातीने बुजवून घेते, त्यामुळे आपण शेजारून गेलो तरी कळत नाही.

रात्री बसताना वारा आपल्या तोंडावर यायला हवा. त्याची नजर मंद, पण नाक तिखट असते. आपला वास बिळाकडे गेला की संपले. आजोबा म्हणाले, “गप ऱ्हव. खोकललंस तर गेलाच समज.” दोन रात्री काहीच दिसले नाही, डासांनी मात्र फोडून काढले. तिसऱ्या रात्री आधी पातेरा वाजला. मग चांदण्यात ते आले, पुढची नखे आत दुमडून, डुलत डुलत. शेपटीवर पिल्लू बसलेले! मी श्वास धरून ठेवला. बॅटरी आम्ही पेटवलीच नाही.

याला बहुधा एका वेळी एकच पिल्लू होते. म्हणून एक मादी पकडली तरी मोठे नुकसान. खवल्यांचे औषध होते असे समजून परदेशात ते विकत घेतात. २०१७ पासून आठही जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला बंदी आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला पकडणे, विकणे गुन्हा आहे, तुरुंगवास होतो.

तरीही एका माणसाने मला बाजारात गाठून विचारले, “तां बीळ खंय असा रे? पैसे देतंय.” नवी सायकल येईल एवढे पैसे तो बोलला. मी शाळेत चालत येतो हे त्याला माहीत असावे. मी म्हटले, “माका म्हायत नाय.” घरी येईपर्यंत छाती धडधडत होती. आजोबांनी दुसऱ्या दिवशी वनरक्षकांना सांगितले.

वर्गातले पुष्कळ जण मला बिळाची जागा विचारतात. ती मी मुद्दाम इथे लिहिलेली नाही. भित्तिपत्रक पालकसभेला येणारे सगळेच वाचतात. खुणा वर दिल्या आहेत, आपापल्या बागेतली वारुळे बघा.

– इयत्ता सातवी