बांगड्याचा साठा टिकणार कसा?

पश्चिम किनाऱ्यावर सर्वसामान्यांच्या आहारातील प्रमुख मासा म्हणजे बांगडा. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०१८ साली देशात सर्वाधिक, सुमारे २.८४ लाख टन, बांगडाच पकडला गेला.

प्लवकांवर जगणारा हा मासा झपाट्याने वाढतो व साधारण वर्षभरात प्रजननक्षम होतो. त्यामुळे घटलेला साठा लवकर भरून निघू शकतो. मात्र अंडी घालण्यापूर्वीच तो जाळ्यात सापडल्यास ही क्षमता व्यर्थ ठरते. बांगडे थव्याने फिरतात. पर्ससीन जाळे अख्खा थवा वेढू शकते. याची झळ सिंधुदुर्गातील रापणकरांसारख्या पारंपरिक मच्छीमारांना बसते.

पावसाळ्यातील प्रजननास संरक्षण मिळावे, यासाठी केंद्राच्या अखत्यारीतील पश्चिमेकडील समुद्रात १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस मासेमारीस बंदी असते. परंतु बंदी उठताच लहान मासे पकडले गेले, तर तिचा लाभ उरत नाही. म्हणूनच केरळने बांगड्यासाठी किमान १४ सेंटिमीटर लांबीची अट घातली. महाराष्ट्रानेही २०२३ मध्ये ५४ प्रजातींसाठी आकारमर्यादा ठरविली.

या नियमांचे यश बंदरावरील तपासणीइतकेच ग्राहकांवरही अवलंबून आहे. लहान बांगड्यास गिऱ्हाईक नसेल, तर तो पकडण्याचे कारणही उरणार नाही.