लिनक्स शिकताना आमच्या गटाची झालेली फजिती

आम्ही इंदापूर तालुक्यातल्या पळसदेवहून बोलतोय. उजनीच्या पाण्याकाठचं आमचं गाव. आमचा बारा जणींचा बचत गट आहे, चटणी आणि मसाले करतो. पण आज मसाल्याबद्दल नाही, संगणकाबद्दल सांगायचं आहे.

गटाची पंचसूत्री आपल्या सगळ्यांना पाठ आहे. नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, आणि पाचवं, नियमित लेखे. पहिली चार आमची चोख. पाचव्यासाठी मात्र आम्ही वही घेऊन बाहेर टायपिंगला जायचो. पानामागे पैसे द्यायचे, आणि गटाचा हिशोब दुसऱ्याच्या संगणकात राहायचा. म्हणून एक जुना डेस्कटॉप घेतला. त्यात विंडोज १० होतं. त्याला मिळणारी नेहमीची मोफत सुरक्षा दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाली, आणि विंडोज ११ आमच्या जुन्या यंत्रावर चढेना. नवा संगणक परवडणारा नव्हता. तेव्हा एका भाच्यानं सुचवलं, लिनक्स टाका.

लिनक्स म्हणजे संगणक चालवणारी प्रणाली, विंडोजसारखीच. फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं १९९१ मध्ये तिचा गाभा लिहिला आणि सगळ्यांसाठी खुला केला. मग जगभरच्या लोकांनी त्यात भर घातली. आपल्याकडे इर्जिक करतात ना, एकाच्या रानात सगळं गाव राबतं, तसंच हे. म्हणून ती कायदेशीररीत्या फुकट मिळते. एकाच गाभ्यावर पुष्कळ वाण निघालेत, उबुंटू, डेबियन, आपल्या सी-डॅकचं बॉस. आम्ही मिंट नावाचं घेतलं. त्याचं हलकं रूप चार जीबी मेमरीच्या संगणकावरही चालतं.

आता फजिती ऐका. पहिली पेन ड्राइव्हची. मिंटची मोठी फाइल उतरवली, गाणी भरतात तशी पेन ड्राइव्हवर टाकली, आणि संगणक काही सुरू होईना. ती फाइल नुसती ठेवून चालत नाही, खास सॉफ्टवेअरनं पेन ड्राइव्हवर ‘लिहावी’ लागते. तशी लिहिल्यावर मिंट पेन ड्राइव्हवरूनच सुरू झालं. याचा फायदा असा की जुनं काही न पुसता आधी वापरून बघता येतं. इंटरनेट, आवाज, प्रिंटर चालतो का ते तेव्हाच पाहून घ्या. पक्कं बसवताना ‘डिस्क पुसा’ हा पर्याय निवडला तर जुन्या फाइली जातात, म्हणून त्या आधी दुसरीकडे काढून ठेवा.

दुसरी फजिती लेबलाची. मसाल्याच्या पाकिटाचं लेबल आम्हाला स्वतः करायचं होतं. सवयीप्रमाणे इंटरनेटवरून सॉफ्टवेअर उतरवलं, दोनदा दाबलं, काही होईना. त्या फाइलीच्या नावाशेवटी ‘ईएक्सई’ होतं. ती विंडोजची फाइल, लिनक्सवर ती अशी सरळ चालत नाही. लिनक्समध्ये सॉफ्टवेअर शोधत फिरायचं नसतं. मोबाइलमध्ये प्ले स्टोअर असतं तसा मिंटमध्ये ‘सॉफ्टवेअर मॅनेजर’ असतो. तिथं इंकस्केप शोधलं, ‘इन्स्टॉल’ दाबलं, झालं. एकच लक्षात ठेवा. एकाच सॉफ्टवेअरचे कधी दोन प्रकार दिसतात, ‘सिस्टम पॅकेज’ आणि ‘फ्लॅटपॅक’. फ्लॅटपॅक बराच मोठा असतो, रोजचा दीड जीबीचा रिचार्ज त्यातच संपायचा. आम्ही आधी सिस्टम पॅकेज बघतो.

तिसरी गोष्ट मात्र फजितीवर थांबली नाही, आमचा जीवच टांगणीला लागला. बँकेत कर्जाचे कागद द्यायला दोन दिवस राहिले होते. संध्याकाळी संगणकाचं अपडेट चालू होतं आणि लाइट गेली. डेस्कटॉपला बॅटरी नाही, यूपीएस आमच्याकडे नाही. लाइट आल्यावर संगणक सुरू झाला, पण अपडेट पुढे सरकेना, नवीन काही बसेना. दर वेळी इंग्रजीत एक ओळ यायची, आणि आम्ही घाबरून ती बंद करायचो. बाहेर विचारलं तर उत्तर मिळालं, सगळं पुसून पुन्हा टाकावं लागेल. आमचा वर्षाचा हिशोब त्यात होता.

शेवटी गल्लीतल्या बारावीच्या मुलीला बोलावलं. ती म्हणाली, “मावशी, आधी वाचा तरी काय लिहिलंय.” एकेक शब्द लावून वाचलं. अर्थ असा होता, बसवायचं काम मध्येच तुटलंय, ते पूर्ण करायला अमुक आदेश द्या. उपाय त्याच ओळीत लिहिलेला होता! दोन दिवस आम्ही औषधाची चिठ्ठीच बंद करत होतो.

‘टर्मिनल’ नावाच्या काळ्या खिडकीत तो आदेश लिहायचा होता. पहिल्यांदा आदेश चालला नाही, कारण दोन शब्दांमधली मोकळी जागा आम्ही सोडलीच नव्हती. तिथं मोकळी जागा, लहान-मोठं अक्षर, सगळं जसंच्या तसं लागतं. मग पासवर्ड मागितला. आम्ही टाइप करतोय आणि पडद्यावर एक ठिपकाही उमटेना. कीबोर्ड बिघडला असं वाटलं. पण तिथं पासवर्ड दिसतच नाही. न दिसता लिहायचा आणि एंटर दाबायचं. दाबलं. ओळी सरसर धावल्या आणि अडकलेलं काम पुरं झालं. हिशोबाच्या फाइलींना धक्काही लागला नव्हता. कागद वेळेवर बँकेत गेले.

मराठीचंही थोडक्यात सांगतो. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी जोडता येतं. इनस्क्रिप्ट पद्धतीत स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, आठवडाभरात बोटं बसतात. मात्र बाहेर टाइप केलेल्या आमच्या जुन्या फाइली उघडल्या तर गिचमिड इंग्रजी अक्षरं दिसली. जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी आकार बसवलेला असायचा. तो फॉन्ट नसला की खालचं इंग्रजी उघडं पडतं. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, ‘क’चा २३२५. म्हणून ते मोबाइलपासून बँकेपर्यंत सगळीकडे ‘क’च दिसतं. यापुढे टाइप करून घ्याल तेव्हा युनिकोडच मागा.

आता आमच्या संगणकाशेजारी एक वही असते. पडद्यावर जे येईल ते आधी जसंच्या तसं उतरवायचं, मग मोबाइलनं फोटो काढायचा, मग अर्थ लावायचा. अनोळखी माणसानं सांगितलेला किंवा अर्थ न कळलेला आदेश लिहायचा नाही, विशेषतः पासवर्ड मागणारा. ढगाळ हवा असेल, लाइटचा भरवसा नसेल तर अपडेट लावायचं नाही. आणि दर बैठकीनंतर हिशोबाची एक प्रत पेन ड्राइव्हवर काढायची, तो पेन ड्राइव्ह कपाटात गटाच्या वह्यांजवळ.

आपल्यातल्या कितीतरी जणी सही करायलाही गटात आल्यावर शिकल्या. पासबुक वाचायला शिकल्या, बँकेत प्रश्न विचारायला शिकल्या. हेही त्यातलंच आहे. पडद्यावर काही उमटलं की मागे सरू नका, जवळ जाऊन वाचा. एकटीला नाही जमलं तर चौघी मिळून वाचा.

बोलू पुन्हा. नमस्कार.