‘इथंच’ म्हणायची सोय

आमच्या फैजपूरला एसटी स्टँडवर उभं राहिलं, की चार जण तरी विचारतात, ‘‘काय काकू, कुठे निघाल्या?’’ ‘‘हे काय, इथंच,’’ म्हटलं की त्यांचंही समाधान होतं आणि आपलंही काही बिघडत नाही.

मागच्या पावसाळ्यात मी रात्रीच्या बसने एकटीच पुण्याला लेकाकडे निघाले. त्याने फोनवरून सांगत सांगत माझ्या मोबाइलमध्ये गुगल मॅप्सचं लोकेशन शेअरिंग सुरू करून घेतलं. खोटं कशाला बोलू, रात्रभर धीर वाटला. पोचल्यावर मात्र दोघंही विसरलो. मुदत ‘बंद करेपर्यंत’ अशी ठेवली होती. नंतर एकदा त्याचा फोन, ‘‘आई, मोबाइल चार्जिंगला लाव, ११ टक्केच राहिलेत.’’ मला बाई कौतुकच वाटलं! त्या नकाशावर आपली बॅटरीसुद्धा दिसते, हे कुठे ठाऊक होतं?

हिवाळ्यात छातीत गाठ हाताला लागली. रिपोर्ट येईपर्यंत कुणाला सांगायचं नाही, असं ठरवलं. साड्या बघायच्या निमित्ताने भुसावळ गाठलं. नंबर लागायच्या आत लेकाचा फोन, ‘‘आई, तू दवाखान्यात काय करतेय?’’ संध्याकाळी सावद्याच्या जाऊबाई डोळे पुसत दारात हजर. गाठ साधी निघाली. पण ते चार दिवस मी इतरांना धीर देण्यातच घालवले. साड्यांचं खोटं तर अजून ऐकतेय.

लेकाचं चुकलं, असं म्हणवत नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ साली एकमताने सांगितलं. पण पोटच्या पोराकडे तो मागायचा कसा? शेवटी मॅप्स उघडून कोपऱ्यातल्या आपल्या फोटोवर बोट ठेवलं. तिथल्या ‘लोकेशन शेअरिंग’मध्ये कोण कोण आपल्याला बघतंय, त्यांची नावं असतात. तिथूनच थांबवलं आणि त्याला तसं सांगितलंही. दोन दिवस गाल फुगवून होता.

आता प्रवासात व्हॉट्सॲपवरून पाठवते. तिथे १५ मिनिटं, एक तास किंवा आठ तास एवढीच मुदत असते. मग आपोआप बंद. तेही एकालाच, घरच्या ग्रुपवर नाही. तिथे चुलत-मावस धरून चाळीस जण आहेत!

लेक जळगावला होस्टेलवर असते. तिचा ठिपका अजून माझ्या मोबाइलवर आहे. झोपताना एकदा बघते. ती घरी आली की तिलाच बंद करायला सांगणार होते. दोनदा येऊन गेली, तोंडातून शब्द निघाला नाही.